लाडवातला जंतू

"नाव कधी जाहीर करायचं, मॅडम?"

शार्दूल दारातूनच विचारत होता. एका हातात अहवाल, दुसऱ्या हातात फोन. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्याने घडवलेल्या चाचणीने पहिल्याच दिवशी शिकार साधली होती. शाळांना जाणाऱ्या शेंगदाण्याच्या लाडवांत साल्मोनेला, जुलाब-उलट्या करणारा जंतू! जुन्या पद्धतीला चार-पाच दिवस लागत. याचा निकाल दुपारच्या चहाआधी हातात.

केंकरे मॅडम आपल्या खोलीत चहा ओतत होत्या.

"माल थांबवलास?"

"सकाळी नमुना घेतानाच. एकही लाडू शाळेत पोचला नाही."

"शाबास."

"पण नाव? करवंदवाडीचा महिला बचतगट. पत्रकार फोनवर फोन करतायत."

"त्यांना नाव आधी लागतं. पुरावा मागून आला तरी चालतो..." मॅडमनी वर पाहिलं. "जंतू जिवंत आहे की मेलेला?"

शार्दूल हसला. "त्याचा डीएनए सापडलाय, मॅडम. म्हणजे आहे तो!"

मॅडमनी भरलेला कप त्याच्या हातात दिला.

"ताम्हनकर सरांना नेऊन दे."

शार्दूल वळला. भिंतीवर सरांची, मॅडमच्या गुरूंची, तसबीर होती. हार घातलेली.

"मॅडम... सर तर..."

"चेहरा सरांचाच ना? मग आहेत ते. दे लवकर, निवतोय."

तो कप धरून उभा राहिला. फोन पुन्हा वाजला. या वेळी त्याने तो बंद केला.

त्याच संध्याकाळी त्याने जुनी पद्धत धरली. लाडवांचा नमुना आणि गटाकडचे कच्चे दाणे, दोन्ही वेगवेगळे वाढीला लावले. जंतू जिवंत असेल तर काचेच्या बशीत ठिपके उमटतात. मेलेला उगवत नाही.

पाचव्या दिवशी त्याने दोन बशा मॅडमपुढे ठेवल्या.

कच्च्या दाण्यांच्या बशीत ठिपक्यांचं रान माजलं होतं.

लाडवांची बशी कोरी.

"भाजताना मेला..." शार्दूल पुटपुटला. "माझी चाचणी खोटी ठरली, मॅडम."

"खोटी कशाने? लाखात एक चाचणी आहे. उतावळी आहे जराशी. बापावर गेलीय."

शार्दूलला हसू आलं, मग त्याने कोरी बशी पुन्हा हातात घेतली. करवंदवाडीच्या बायकांच्या कपाळी त्याने काय लिहिलं असतं, ते आता त्याला दिसत होतं.

"पत्रकारांना काय सांगू?"

"नाव मागत होते ना? सांग."

"कुणाचं?"

"दाणे भाजणारीचं."