चिमाक्काच्या हातची आमटी

आमटी मी करायचो, अक्का फक्त वाढायची. मग अक्का गेल्यावर आमटीची चव कशी गेली?

पुजाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "प्रसाद घे." वैद्याला विचारलं, तो म्हणाला, "जीभ दाखव."

आमची खाणावळ पिंपळगिरीच्या वेशीजवळ. डाळ तीच, चिंच तीच, विहीर तीच आणि ढवळणारा मी, सटवा, तोही तोच. पण माझी थोरली बहीण चिमाक्का गेली आणि गिऱ्हाइकं तोंड वाकडं करायला लागली.

म्हादू तेली म्हणाला, "सटव्या, ही आमटी आहे की पाय धुतलेलं पाणी?"

मी पळी फेकून मारली. नेम चुकला. दुसऱ्या दिवशी म्हादू पुन्हा आला, पण अर्ध्या जेवणावरून उठला.

आणि मग सोमवारी राजा रंगसेन आला!

वाड्यावर ढीगभर आचारी असून राजा दर सोमवारी आमच्याकडे जेवायचा. त्याच्या लवाजम्याला मात्र अक्का दारातूनच परत पाठवायची. या सोमवारी अडवायला कोणी नव्हतं. छत्रीवाला आत आला, पंखेवाला आला, भालदार आले, प्रधानही आला. राजा गादीवर बसला, पुढ्यात चांदीचं ताट. वर छप्पर, छपराखाली छत्री, छत्रीखाली राजा!

राजाने चांदीच्या वाटीतून एक घोट घेतला.

"थू! हे काय आहे?"

"आमटी, महाराज."

"ही? माझ्या घोड्यापुढे ठेवली तर घोडा राजीनामा देईल! चिमाक्काच्या हातची आण."

"महाराज, अक्का वारली."

"ते मला ठाऊक आहे! मी तुला कारण विचारलेलं नाही, आमटी मागितली आहे. तिच्याच हातची, आणि आत्ता! नाहीतर ही चूल बुजवून टाका आणि वर तुळस लावा."

भालदार खरंच कुदळ शोधायला लागला.

ती चूल अक्काने लिंपलेली होती. तिच्या बोटांच्या रेघा अजून मातीत तशाच होत्या. त्या मी कोणाला बुजवू देणार नव्हतो. पण मेलेल्या बाईला आमटी करायला आणू कुठून? मी वर पाहिलं. राजाच्या डोक्यावरची ती छत्री दिसली, आणि अक्का असती तर काय बोलली असती ते माझ्या कानात वाजलं.

मी ओरडलो, "देतो! पण सगळं अक्का करायची तसंच होईल."

"तसंच! तसूभर फरक पडला तर तुझी खैर नाही."

"आणि कोणी मध्ये बोललं तर?"

"त्याची जीभ छाटीन! राजाचा शब्द!"

"मग उठा."

"काय?"

"उठा म्हणते मी! म्हणजे, अक्का म्हणायची. पाय धुतले का? तसेच आलात आत, चिखल तुडवत?"

प्रधान गरजला, "उद्धटा, महाराजांना..." आणि त्याने चटकन जीभ आत घेऊन ओठ घट्ट मिटले.

"आणि ती छत्री बाहेर! घरात काय गारा पडतात? ए पंखेवाल्या, चुलीतली राख उडवतोस? नीघ! हा भालेवाला इथे काय कोथिंबीर कापणार आहे?"

राजा पाय धुऊन आला. मी त्याला पंगतीत, म्हादूच्या शेजारी, जमिनीवर बसवलं. पुढ्यात पत्रावळ टाकली आणि त्याची चांदीची वाटी घेऊन आत गेलो. बराच वेळ आतच बसलो.

"अरे, अजून किती वेळ?" राजा ओरडला.

"तुमच्या आधी ही माणसं आलीत! राजे असाल ते वाड्यावर!"

म्हादूला ठसका लागला. राजाने त्याच्या पाठीवर थापटलं. दुसरं करणार काय? शेजारीच बसला होता.

शेवटी मी वाढलं. भाकरी, कारल्याची भाजी आणि द्रोणात आमटी. राजाने कारल्याच्या फोडी हळूच पानाच्या कडेला सारल्या. मी पळीच्या दांड्याने त्याच्या मनगटावर टक्कन मारलं!

दारात उभ्या भालदारांचे हात तलवारीवर गेले. पण अक्का काय म्हणायची ते माझ्या तोंडात आलंच होतं.

"साऱ्या मुलखाला कडू घोट पाजता, आणि तुम्हाला एक फोड गिळवत नाही? खा मुकाट्याने!"

राजाने मुकाट्याने कारलं खाल्लं. मग आमटीचा घोट घेतला. मग दुसरा. मग द्रोणच तोंडाला लावला.

"हीच! हीच ती!" राजाचे डोळे भरून आले. "सटव्या, लबाडा! काय घातलंस हिच्यात?"

"काही नाही, महाराज. मघाशी तुम्ही थुंकलात तीच ही. वाटीतून द्रोणात ओतली."

म्हादूने आपल्या द्रोणात वाकून पाहिलं.

"आमटी अक्काच्या हातची कधी नव्हतीच, महाराज. ती माझीच. अक्काची होती ती नुसती बोलणी. ती वाढायला आज कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला जेवण अळणी लागलं!"

राजा आधी म्हादूकडे बघत राहिला. मग असा हसला, असा हसला, की बाहेर छत्रीवाल्याच्या हातून छत्री पडली. हसता हसता त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून माझ्या हातात घातलं.

"ही चूल माझ्या राज्यात कोणी विझवायची नाही! आणि सटव्या, दर सोमवारी मला असंच बोलायचं. कमी पडलं तर दंड!"

राजा उठला. भालदार धावत येऊन त्याचं खरकटं पान उचलायला वाकला.

अक्कासाठी एवढंच करायचं राहिलं होतं. मी भालदाराचा हात धरला.

"थांब. चिमाक्काच्या पंगतीत ज्याचं पान त्यानेच उचलायचं."

राजा रंगसेन वाकला. त्याने पत्रावळ उचलली आणि गोंधळून इकडे तिकडे पाहिलं. मी बोट करून त्याला उकिरडा दाखवला.