डोंगरापलीकडे धाडलेला साळिंदर

डोंगराच्या अलीकडे एक दाट जंगल होते आणि त्या जंगलात एक साळिंदर राहत असे. अंगभर काटे, पण स्वभावाने अगदी मऊ. तो पिल्लू असताना डोंगरापलीकडे मोठा वणवा लागला आणि त्याची आई त्याला पुढे घालून घाट चढून इकडे आली. तेव्हा त्याचे काटेसुद्धा नीट ताठ झालेले नव्हते. पलीकडचे त्याला काही म्हणजे काही आठवत नसे. इथलीच माती त्याने उकरली, इथल्याच एका साळूशी संसार थाटला, दोन पिल्ले झाली. बिळे खणण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. सशाचे बीळ ढासळले, बोलवा साळिंदराला. मुंगसिणीला बाळंतपणासाठी कोरडी जागा हवी, बोलवा साळिंदराला. निम्मे जंगल त्याने खणलेल्या घरांत झोपत असे.

त्या जंगलात एक जुनी चाल होती. बारशाच्या दिवशी पिल्लाला पाणवठ्यावरच्या अर्जुनाच्या झाडाकडे न्यायचे आणि सालीवर त्याच्या नखांची खूण उमटवायची. बाहेरून आलेल्यांनाही मज्जाव नव्हता. सात पावसाळे इथे काढले की त्यांनाही खूण करता येई. साळिंदराचे सात कधीच झाले होते, चौदाही होऊन गेले. बायको दर वर्षी म्हणायची, "अहो, एकदा जाऊन खूण करून या ना." हा हसून म्हणायचा, "अगं, मला इथे कोण ओळखत नाही? आज अस्वलआजीची गुहा साफ करून द्यायचीय. उद्या जातो." मुलांनो, हा 'उद्या' फार वाईट. त्याने वाघापेक्षा जास्त जीव घेतले आहेत.

मग दुष्काळाचे वर्ष आले. जंगलाच्या एका उतारावर रानकंद राखून ठेवलेले असत. एरवी तिथे कोणी तोंड घालायचे नाही. ऐन उन्हाळ्यात म्हाताऱ्यांनी आणि लेकुरवाळ्यांनी ते खायचे, असा रिवाज होता. एके दिवशी रानडुकराने साळिंदराला गाठले. "चल की रे, चार कंद उकरू. कोण बघतंय?" साळिंदराची पिल्ले भुकेने रडत होती. तो गेला. चार कंदांवर काही भागले नाही. दोघांनी मिळून अर्धा उतार उकरला. पुढे वैशाखात म्हातारी अस्वलीण आठ दिवस उपाशी राहिली. चोरी ती चोरीच. पोटासाठी केली म्हणून तिला कोणी पुण्य म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही.

दोघे पकडले गेले. पंचांनी दोघांना सारखीच शिक्षा ठोठावली. वर्षभर घरापासून दूर राहायचे आणि पाणवठ्याचा गाळ काढायचा. दोघांनी निमूटपणे काढला. साळिंदराने तर काम आटोपल्यावर अस्वलिणीच्या वाटेतले दगडही बाजूला केले आणि एकदा मान खाली घालून तिला म्हणाला, "आजी, चुकलो." अस्वलीण तापट होती, पण मनाची कोती नव्हती. ती म्हणाली, "चुकलास खरा. आता पुन्हा करू नकोस म्हणजे झालं."

वर्ष सरले. सुटकेच्या सकाळी रानडुकराची बायकोमुले पाणवठ्यावर आली आणि तो त्यांच्यासोबत शेपटी हलवत घरी गेला. साळूही पिल्लांना घेऊन आली होती. थोरले पिल्लू बापाकडे धावले. धाकटे मात्र आईच्या आड उभे राहून, हेच आपले बाबा का, म्हणून निरखत होते. इतक्यात जंगलाचा कारभारी कोल्हा दोन तरसांना घेऊन पुढे झाला.

"थांबा," तो म्हणाला. "याची शिक्षा संपली. आता रवानगी."

"रवानगी? कुठे?" साळूने विचारले.

"डोंगरापलीकडे. वाघमहाराजांचा नवा नियम आहे. ज्याची झाडावर खूण नाही आणि ज्याच्या हातून गुन्हा घडलाय, त्याने जिथून आला तिथे परत जायचं."

साळिंदराला आधी वाटले, कोल्हा थट्टा करतो आहे. मग त्याने तरसांची तोंडे पाहिली. "अहो, मी कुठे आलो? मला आणलं होतं," तो म्हणाला. "तिथे माझं कोणीसुद्धा नाही. खूणच हवी ना? आत्ता करतो. झाड हे काय, चार पावलांवर आहे."

"गुन्हा केलेल्याची खूण आता घेत नाहीत," कोल्हा म्हणाला.

प्रकरण वाघमहाराजांपुढे गेले. सगळे जंगल जमले. रानडुक्कर पुढे येऊन म्हणाला, "महाराज, कंद उकरू असं मीच म्हणालो होतो." कोल्हा म्हणाला, "तुझी खूण आहे. तू घरी जा." रानडुक्कर थोडा वेळ घुटमळला आणि घरी गेला. मग अस्वलीण उठली. "उपाशी मी राहिले होते, तुम्ही नाही. मी म्हणते, त्याने भोगलं तेवढं पुरे झालं. त्याला लेकरांत जाऊ द्या." कोल्हा अगदी नम्रपणे म्हणाला, "आजी, प्रश्न तुमच्या भुकेचा नाही. नियमाचा आहे."

ससे तिथेच होते. मुंगसेही होती. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला त्या सशांचा अजून राग येतो. त्याने खणलेल्या घरातून उठून ते तिथे आले होते आणि संध्याकाळी त्याच घरात परत जाणार होते, पण एकाने तोंड उघडले नाही. वाघमहाराजांनी जांभई दिली, मान हलवली आणि निकाल लागला.

साळू म्हणाली, "मीही येते तुमच्याबरोबर."

"या पिल्लांना घेऊन तो घाट चढणार? नको," साळिंदर म्हणाला. "त्यांच्या खुणा झाल्यात. त्यांना इथेच वाढव." थोरल्याने विचारले, "बाबा, परत कधी येणार?" "आईला त्रास देऊ नका," एवढेच तो म्हणाला आणि तरसांच्या मधून चालू लागला.

पलीकडे माती नव्हतीच. नजर जाईल तिथवर काळा कातळ. तिथली साळिंदरे बीळ खणत नसत, खडकाच्या कपारींत राहत. याने पहिल्याच दिवशी सवयीने उकरायला घेतले आणि नखे मोडून घेतली. त्यांची बोली त्याला अर्धीमुर्धीच कळे. "हा कुठला रे?" एकाने विचारले. "म्हणे, इथलाच." "इथला? याला तर कातळावर धड चालताही येत नाही!" त्याला कोणी मारले नाही की हाकलले नाही, पण कोणी जवळही केले नाही. दोनदा तो घाट चढून परत यायला निघाला. दोन्ही वेळा तरसांनी त्याला माथ्यावरूनच मागे लोटले.

करकोचे दर हिवाळ्यात तो डोंगर ओलांडून अलीकडे येतात. त्यांना कोणी खूण विचारत नाही. त्या वर्षीच्या हिवाळ्यात एक करकोचा साळूच्या बिळापाशी उतरला. त्याच्याकडे पाहताच ती समजली.

"वहिनी, तो गेला," करकोचा म्हणाला. "थंडी बाधली. कपारीत शिरणं त्याला कधी जमलं नाही. उघड्यावरच राहायचा."

साळूने विचारले, "जवळ कोणी होतं का?"

"होते तिथले दोघेतिघे. वाईट नव्हते ते. पाणी पाजत होते."

"शेवटी काही बोलले?"

करकोच्याने मान दुसरीकडे वळवली. "सारखं एकच म्हणत होता, 'मला घरी नेऊन सोडा.' आणि ते बिचारे त्याची समजूत घालत होते, 'अरे, तुला घरीच तर आणून सोडलंय.'"

तात्पर्य : एका चुकीला एकच शिक्षा पुरे. ती भोगून आलेल्याला त्याच्या घरादारातूनही उपटून काढले, तर ते नियमात बसेल, पण न्यायात बसत नाही.