चांदीवरचं काळं

कारखान्याचे माजी चेअरमन धैर्यशीलराव शबानाच्या गाडी-सजावटीच्या दुकानाबाहेर आपल्या गाडीपुढे उभे राहिले आणि त्यांचा पारा चढला. त्यांच्या लेकीच्या सांगण्यावरून ड्रायव्हर हरिबानं गाडीच्या चकचकीत क्रोमपट्ट्यांवर तिथंच काळी फिल्म लावून घेतली होती.

"माझ्या गाडीच्या चांदीला काळं फासलंस? उद्यापासून येऊ नकोस!"

सोळा वर्षांची नोकरी! हरिबाच्या तोंडून शब्द फुटेना.

शबाना पुढे झाली. तिनं गरम हवा मारून फिल्मचं एक टोक अलगद सोलून दाखवलं. खालची चमक जशीच्या तशी होती.

"निघतं हे, आबासाहेब. चांदी शाबूत आहे."

"अशी चांदी झाकायचीच कशाला? ज्याला लाज वाटते तो झाकतो!"

शबानानं त्यांच्या काळ्याभोर मिशांकडे पाहिलं. "लाज कसली, आबासाहेब? मिशीची चांदी तुम्हीही झाकलीत. रुबाब वाढलाच की!"

हरिबानं डोळेच मिटले. धैर्यशीलरावांचा हात मिशीवर गेला आणि ते खो खो हसत सुटले.

"हरिबा, काय बघतोस? गाडी काढ!"

हरिबा आधी शबानाकडे गेला. त्यानं हात जोडले. "पोरी, मला बोलता आलं नाही. तू बोललीस, म्हणून माझी चूल पेटती राहिली."