सलोमीबाईची रिकामी मूठ

एक होता राजा. त्याच्याकडे सगळं होतं, फक्त झोप नव्हती. गादी मऊ, पंखे मोरपिसांचे, पण डोळा लागेल तर शपथ.

त्याच्याच गावात सलोमीबाई राहायची. चूल पेटवण्याआधी ती रोज मूठभर तांदूळ कोनाड्यातल्या मडक्यात टाकायची. ती प्रभूची मूठ. रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आली की त्याचा भात शिजवायचा आणि दारात येईल त्याला वाढायचा. कोण, कुठला, विचारायचं नाही. तसा नवसच होता तिचा. आणि झोपायची कशी, बरं का, तिच्या घोरण्यानं मांजर पळायचं.

राजाला वाटलं, म्हातारीची झोप त्या मडक्यातच असणार. शिपायांनी मडकं उचलून आणलं. राजानं ते उशाशी ठेवलं. पण छे! इकडे सलोमीबाई तांब्यात मूठ टाकू लागली.

मग राजानं दवंडी पिटवली, की यापुढे मूठ काढायची ती माझ्या नावानं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सलोमीबाईनं पदर खोचला, आणि शिपायांच्या देखत मोठ्यानं म्हणाली, "प्रभू, ही तुझी."

मग राजानं तिच्या घरातला दाणा न् दाणा नेला. तरी ती चुलीपुढे बसलीच. रिकामी मूठ तांब्यावर उघडली. शिपाई हसले, म्हणाले, आजी, वारा टाकलास की काय?

"मूठ त्याची. भरायची की नाही, तो बघेल."

आणि तांब्यात वाजलं, टप टप टप. तांदूळ! रविवारपर्यंत तांब्या काठोकाठ.

रविवारी तिनं त्यातला भात शिजवला, तोच भर दुपारी राजा स्वतःच दारात आला. डोळे लाल.

"दे तो तांब्या."

"नाही."

"मान उडवीन."

"उडवा, राजेसाहेब. पण शांती हिसकावता आली असती, तर मडकं नेलंत तेव्हाच झोपला असतात."

राजा खाली बसला. पोटातून आवाज आला. सलोमीबाईला नवस आठवला.

"रविवार आहे. दारात आलाय, तर तुम्हालाही वाढते. हात पुढे करा."

राजानं हात पुढे केला, पण मूठ उघडेना. जन्मभर आवळलेली ना!

"बदल्यात काय देऊ?" त्यानं हळूच विचारलं.

"काही नाही. कृपा आहे ही. मूठ तेवढी उघडा."

एकेक बोट सुटलं. गरम भात तळहातावर पडला. राजानं खाल्ला आणि चौकटीला टेकून झोपला. मुकुट घरंगळला, त्यात कोंबडी बसली, तरी जाग नाही.

उठला तेव्हा त्यानं मडकं परत आणवलं, तांदूळही. दुसऱ्या दिवसापासून राजवाड्यातही प्रभूची मूठ निघू लागली. सगळे पोटभर जेवले, सुखानं नांदले.

चला, आता तुमच्याही मुठी उघडा बघू. हं, अश्शा. झोपा.