अख्ख्या नळ्या

“मग दोष कुणाचा? रेझिनचा?”

“रेझिनचाच, बाई. नळ्यांत खोट निघणं शक्य नाही.”

घारपुरे बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. पॉलिमरच्या त्या प्रयोगशाळेत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. समोर उभा होता यशोधन. त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. आणि हे त्याला चांगलं माहीत होतं.

कार्बनच्या नळ्या त्यानं स्वतः भट्टीत वाढवल्या होत्या. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक, आणि वजनाच्या मानानं पोलादाहून कितीतरी बळकट. त्या रेझिनमध्ये, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या चिकट राळेत, मिसळून पट्टी ओतायची. त्या पट्टीवर कृत्रिम पायाचं पाऊल उभं राहील, हलकं आणि मजबूत.

पण यंत्रात ओढल्यावर ती पट्टी साध्या रेझिनच्या पट्टीच्याही आधी तुटली होती.

“तुकडे कुठायत?”

“टाकले.”

“कुठे?”

“…केराच्या डब्यात.”

बाईंच्या प्रयोगशाळेत एक रिवाज होता. तुटलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ‘वाचल्याशिवाय’ टाकायचा नाही. नव्यानं आलेल्या मुलांना तो पहिल्याच दिवशी सांगितला जाई. आजवर सांगत आला होता यशोधनच.

“सकाळी मीच उचलले ते,” बाई म्हणाल्या. “केळ्याच्या सालीखालून. सालही तुझीच असणार.”

यशोधन हसला नाही.

बाईंनी एक चित्र त्याच्यापुढे ठेवलं. तुटलेल्या तुकड्याची कड, सूक्ष्मदर्शकाखाली मोठी करून छापलेली. करड्या पृष्ठभागातून नळ्या खुंटासारख्या वर आल्या होत्या.

त्याचा चेहरा उजळला.

“बघा! एकही तुटलेली नाही.”

“एकही?”

“एकही नाही. पट्टी तुटली, बाई, पण माझ्या नळ्या अख्ख्या आहेत.”

बाईंनी पेन्सिल घेतली. नळ्यांना तिचं टोकही लावलं नाही. मधेमधे जे काळे ठिपके होते, त्यांच्याभोवती त्या एकेक गोल काढत गेल्या.

“हे काय आहे?”

“भोकं.”

“कशाची?”

“दुसऱ्या तुकड्यात गेलेल्या नळ्या जिथून निसटल्या, तिथली…”

तो थांबला.

“कशा निसटल्या?”

“…अलगद.”

“मग ओढ बसली, तेव्हा भार कुणी घेतला?”

कोपऱ्यातला निर्वात पंप घरघरत होता. “नळ्यांनी घेतलाच नाही,” यशोधन पुटपुटला.

“नळ्या आम्लात उकळायच्या, असंच ना?” मग तो म्हणाला. “म्हणजे अंगावर चरे पडतात. त्या चऱ्यांना रेझिनच्या रेणूंची साखळी धरते. वाचलंय मी सगळं.”

“वाचलंयस. मग केलं का नाहीस?”

“खराब होतील.”

“होतील थोड्या.”

“दुसऱ्या कुठल्याही घ्या, बाई. या नाही.” त्याचा आवाज चढला, आणि लगेच खाली आला. “या दादासाठी केल्या होत्या.”

हे बाईंना ठाऊक होतं. यशोधनच्या थोरल्या भावाचा पाय अपघातात गेला होता. त्याचं कृत्रिम पाऊल जड होतं, संध्याकाळपर्यंत मांडी भरून येई. हलकं करून देतो, असं यशोधननं कबूल केलं होतं. उन्हाळ्यात भाऊ तापानं गेला. त्यानंतर यशोधन कामाखेरीज कुणाशी बोलत नव्हता. शेजारी कुणी येऊन बसलं, की तो उठून वजनकाट्याकडे जाई.

“घरी जाऊन आलास?”

“आई बरी आहे.”

“आई कशी आहे, असं मी विचारलं नाही.”

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

“गेलं की सगळी रडायला लागतात, बाई. वहिनी, आई… मग मलाही… नको वाटतं.”

“आणि इथं?”

“इथं मला काही होत नाही.”

बाईंनी पुन्हा चित्रातल्या त्या भोकांकडे पाहिलं.

मग त्या उठल्या. कपाटातून आम्लाची बाटली काढली आणि धूर खेचणाऱ्या काचेच्या पेटीत नेऊन ठेवली. बाटलीचं बूच त्यांनी उघडलं नाही. हातमोजे तेवढे त्याच्याकडे सरकवले, आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभ्या राहिल्या.

यशोधननं नळ्यांच्या काळ्या भुकटीची कुपी हातात घेतली. खाली ठेवली. पुन्हा घेतली. काच बोटांनी कोमट झाली.

शेवटी त्यानं मोजे चढवले. अर्धी भुकटी चंबूत ओतली. उरलेल्या भुकटीची कुपी बूच घट्ट लावून शर्टाच्या खिशात ठेवली.

बाई वळल्या. खिशाकडे त्यांचं लक्ष गेलं.

“किती वेळ उकळू?”

“कमी उकळल्यास तर?”

“निसटतील.”

“आणि जास्त?”

“अंगच उरणार नाही. तुकडे होतील.”

“हं.”

“हं काय, बाई? नेमकं किती, ते सांगा ना!”

“मला माझ्या नळ्यांचं माहीत होतं. तुझ्या मी कुठे उकळून पाहिल्यात?”

त्यानं आम्ल ओतलं. भुकटी आधी वर तरंगली, मग हळूहळू भिजत खाली गेली. शेगडीचं बटण फिरवून तो मागे सरला. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि पेटीची काच तर पूर्ण खाली होती; धूर बाहेर यायला वाटच नव्हती.

बाईंनी पर्स उचलली आणि त्या दाराकडे निघाल्या.

“बाई…”

“बोल.”

“या वेळी जमलं की नाही, हे मला कळणार कसं?”

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

“नवी पट्टी ओढून तोड. एक तरी तुटलेली नळी सापडली, की पेढे घेऊन ये.”