शनिवारचा व्यायाम

“शनिवारी तू वीस मिनिटं चाललास?”

भंते रेवत यांनी हातातला कागद डोळ्यांजवळ नेला.

“चाललो, भंते,” गजभिये सर म्हणाले.

“आज बुधवार आहे.”

“मागच्या शनिवारी...”

“मागचा नाही. हा येणारा.”

सरांनी तोंडावरचा मास्क वर ओढला. तो आधीच नाकावर होता.

गजभिये सर पंचवीस वर्षं शाळेत ड्रिल शिकवत होते. म्हणजे, शिकवायच्या नोकरीत होते. शाळेचं मैदान संस्थाचालकांनी लग्नाच्या मांडवांना देऊन टाकलेलं. पोरं वर्गात बसून राहत आणि व्यायामाचा तास वहीत होई. सर तर महिन्याच्या पहिल्या तारखेलाच अख्खा महिना भरून मोकळे होत. तपासणीला आलेल्या एकाही साहेबानं कधी खिडकीतून मैदानाकडे मान वळवली नाही. वही बघितली, चहा घेतला, ‘अतिशय समाधानकारक’ असा शेरा मारला. असे पंचवीस शेरे. घाम मात्र एकाही पोराला आलेला नाही.

आता सरांच्याच रक्तात कर्करोग निघाला होता. धाकट्या बहिणीच्या मूळपेशी त्यांना चढवायच्या होत्या. त्यासाठी दवाखान्याच्या जंतू न शिरणाऱ्या बंद खोलीत महिनाभर तग धरायचा तर आधी अंगात ताकद हवी, म्हणून दवाखान्यानं व्यायामाचा तक्ता दिला होता. रोज चालायचं. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं. जमेल तसं वाढवत न्यायचं. सोमवारी डॉक्टर स्वतः चालवून बघणार होते. पाय कमी पडले तर तारीख लांबणार होती, आणि आजार काही तारखेसाठी थांबणारा नव्हता.

सरांनी तक्ता मिळाला त्याच दिवशी महिना भरून टाकला.

भंते दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीतून जिवंत बाहेर आले होते. म्हणून सर विहारात आले होते. आशीर्वाद घ्यायला, आणि जमलं तर तक्ता दाखवायला.

“खुणा सुंदर आहेत,” भंते म्हणाले. “एकही वाकडी नाही.”

“जिल्ह्यात आपली वही पहिली असायची, भंते.” सरांना राहवलं नाही.

“आल्यावर वंदन उभ्यानंच काहून केलं?”

सरांनी बसल्या ओट्यावर दोन्ही हात टेकले.

“गुडघे टेकून तीनदा वाकतोस तू. बावीस वर्षं बघतोय.”

“टेकले तर... मग उठता येत नाही, भंते.”

भंते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, सरांपासून हात-दोन हात लांब, बसून राहिले.

“ताकद वाचवून ठेवून राहिलो ना मी,” सर म्हणाले. “पुढं मोठी लढाई आहे.”

“किती वाचली?”

“आणि हे काय व्यायाम आहेत का, भंते? उठा, बसा. उठा, बसा. मी ड्रिल मास्तर आहे. ती कालची फिजिओची पोरगी मले शिकवते!”

“मलाही तिनंच शिकवलं.” भंते हसले. “त्या खोलीतला त्या खोलीतला नववा दिवस होता. तोंडभर फोड, थुंकी गिळवत नव्हती. म्हणाली, पलंगापासून खिडकीपर्यंत चला. सात पावलं. मी म्हटलं, बाई, मी नागपूरहून बोधगयेला पायी गेलेला माणूस आहे.”

“मग?”

“म्हणाली, मग सात तर सोपीच जातील.”

“गेली?”

“दुपार झाली.”

सर हसले. हसण्यानंच त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत दोघंही थांबले.

“सोमवारी काय करू, भंते?”

भंतेंनी तक्त्याची नीट घडी घातली आणि ती त्यांच्यापुढे धरली.

“यालाच पाठव. व्यायाम यानं केलाय. बहिणीच्या पेशी यालाच चढवा म्हणावं.”

सरांचे कान तापले. पंचवीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. एखाद्या साहेबानं बोलायला हवं होतं.

त्यांनी ओट्यावर टेकलेले हात उचलून मांडीवर घेतले. उठायला गेले आणि धप्पकन मागे बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. तिसऱ्यांदा उभे राहिले.

भंते तोवर चालूही लागले होते. विहाराला वळसा घालणारी फरशीची पायवाट होती. सर मागून निघाले. भंते मागे वळून बघत नव्हते, पण त्यांचं पाऊल सरांपेक्षा एकदाही मोठं पडलं नाही. पहिला कोपरा गेला. दुसरा गेला. विहाराच्या बरोबर पाठीमागे, चीवरं वाळत घातली होती तिथं, सरांनी भिंतीला हात लावला आणि पाण्याच्या टाक्याच्या कठड्यावर बसकण मारली.

“बस, भंते. झालं. इथवर रिक्षा येते का? जावई घेऊन थांबलेत फाटकाशी.”

“वाट अरुंद आहे.”

सरांनी आलेल्या वाटेकडे पाहिलं. मग पुढच्या वाटेकडे पाहिलं. मास्क आत-बाहेर होत होता.

“आल्या वाटेनं फिरलो तर फाटक जवळ पडेल, की पुढून?”

भंतेंनीही दोन्हीकडे नीट बघून घेतलं.

“दोन्हीकडून सारखंच.”