वेणूकाकूचं अडलेलं वाक्य

डोंगराच्या कुशीत, जिथे ढग पाणी प्यायला खाली उतरतात, तिथे एक इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला एक झोपडी होती आणि त्या झोपडीत राहायची चिमुकली सगू आणि तिची आई. आई फुलांचे गजरे करायची आणि फुलं आणायची सगू. उजाडायच्या आधीच ती परडी घेऊन निघायची. रानातल्या जुन्या बागेपर्यंत अनवाणी चालायची. पायात काटे मोडायचे, पोटात पाण्याशिवाय काही नसायचं, पण कुणी वाटेत भेटलं की सगू हसायचीच.

शेजारी राहायचे वेणूकाकू आणि भिवाकाका. ते कापड रंगवायचे. त्यांच्या अंगणात पिवळी, डाळिंबी, मोरपिशी लुगडी वाऱ्यावर झुलत असायची. रोज सगू परत आली की काकू तिचे पाय मांडीवर घ्यायची आणि एकेक काटा असा काढायची की कळायचंसुद्धा नाही.

काकूला बाळ हवं होतं. काकांनाही हवं होतं. त्यासाठी कितीतरी वर्षं दोघं राजधानीतल्या राजवैद्यांकडे जात होते. काकू कडूजहर काढे प्यायची, चांदीच्या बारीक सुईनं औषध टोचून घ्यायची, मग वाट बघायची. पण दर वेळी काकू रिकाम्या हातांनी घरी यायची आणि मोरीत जाऊन हळूच डोळे धुवायची.

या खेपेला राजवैद्य म्हणाले होते, "लेकी, मला जमेल ते सगळं मी केलं. औषध लागू पडलं नाही. आता पुन्हा एकदा करून बघायचं की इथेच थांबायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवा."

गावातल्या बायका मात्र म्हणायच्या, "अजून एकदा कर गं वेणू!" काकाही विचारायचे, "जायचं ना पुन्हा?" आणि काकू मान हलवायची. सगू बघायची, की काकू मान हलवते तेव्हा तिचे डोळे कुठेतरी लांबच असतात.

एके दिवशी पहाटे सगू बागेत पोचली, तर प्राजक्ताखाली काहीतरी लुकलुकत होतं. जवळ जाऊन बघते तर काय! बोटाएवढी परी! तिचे निळेजांभळे पंख दवानं चिंब भिजून एकमेकांना चिकटले होते आणि ती थंडीनं कुडकुडत होती.

सगूनं तिला अलगद ओंजळीत घेतलं आणि फूऽ फूऽ करून ऊब दिली. ऊन वर चढेपर्यंत ती तशीच बसून राहिली. तोवर फुलं कोमेजून गेली, परडी रिकामीच राहिली, पण परीचे पंख फुलपाखरासारखे उघडले.

"सोनुले," परी किणकिणत्या आवाजात म्हणाली, "माग काय हवं ते. पण नियम नीट ऐक हं. मागणं एकच. दुसऱ्या कुणासाठी मागायचं असेल, तर आधी त्यालाच विचारायचं आणि तो सांगेल तेच मागायचं. आणि बाळ मात्र मागू नकोस. ते कुठल्याच परीच्या हातात नसतं."

सगूच्या डोळ्यांसमोर आधी लाल चपला आल्या. मग गरमगरम भात आला. आणि मग आली वेणूकाकू.

"मी विचारून येते!" म्हणत ती धावत सुटली.

काकू अंगणात डाळिंबी रंगाच्या हंड्यापाशी बसली होती. सगू तिला बिलगली.

"काकू, तुला काय हवंय? सगळ्यात जास्त?"

काकूचा हात थांबला. सगळे तिला काय करायचं ते सांगायचे, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

"खरं सांगू?" काकू पुटपुटली. "मला थांबायचंय गं, सगू. काढे नकोत, सुया नकोत, वाट बघणं नको. दमले मी. पण यांना सांगायला गेले की वाक्य घशातच अडतं. यांचं मन मोडेल ना! ते वाक्य एकदा बाहेर पडलं म्हणजे झालं!"

सगू तशीच उलट पावली बागेत गेली. "परी, काकूचं अडलेलं वाक्य मोकळं कर!"

परीनं पंखावरचा एक सोनेरी कण सगूच्या बोटावर ठेवला. "हा तिच्या गळ्याला लाव. पुढचं तिचं तिलाच बोलावं लागेल."

सगूनं धापा टाकत येऊन कण लावला. तो चमकला आणि विरून गेला.

"अहो, जरा इकडे या," काकूनं हाक मारली. काका पिवळेधम्मक हात पुसत आले. काकू उभी राहिली आणि म्हणाली, "मला पुन्हा राजधानीला जायचं नाही. मला थांबायचंय."

काकांनी तोंड फिरवलं. सगूनं काकूचा पदर घट्ट धरला. आपण भलतंच तर नाही ना मागितलं?

मग काका मटकन खाली बसले आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की दोरीवरची लुगडी हलली.

"वेणू," ते म्हणाले, "अगं, तुला जायचंय असं वाटून मी विचारत होतो! तुला सुई टोचतात ते मला बघवत नाही गं. मलाही थांबायचंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

दोघं रडायला लागली. रडता रडता हसायला लागली. काकूच्या गालाला पिवळा रंग लागला, तर ती आणखीच हसली.

"मग आता पुढे काय?" थोड्या वेळानं काकू म्हणाली.

"आता काही दिवस काहीच नाही," काका म्हणाले. "खाऊ, झोपू, आपल्याला आवडतील ते रंग करू. मनाची जखम भरली की मग बघू. नदीच्या पैलतीरावरच्या आश्रमात आईबापांची वाट बघणारी मुलं आहेत. वाटलं तर जाऊ तिकडे. नाही वाटलं तर तू आणि मी आहोतच की."

"वाटलं तर," काकू म्हणाली. "दोघांना वाटलं तर."

तेवढ्यात मोरपिशी लुगड्यामागून उजेड फुटला. परी!

"सगू," ती म्हणाली, "स्वतःसाठी तू काहीच मागितलं नाहीस. आता मी आपणहून देते." तिनं एक गिरकी घेतली. निळ्या, सोनेरी, गुलाबी चांदण्यांचा सडा झोपडीच्या कुडावर पडला. उजेड वाढत वाढत इतका लख्ख झाला, की सगूनं डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगूला जाग आली ती सुगंधानं. झोपडीभोवती मोगरा, जाई, शेवंती, अबोली नुसती ओसंडत होती. रानात जायचं कामच उरलं नव्हतं! आई दारात फुलांच्या ढिगात बसून हसत होती. सगू ओंजळभर मोगरा घेऊन शेजारी पळाली.

"काकू! काकू, बघ ना!"

ओसरीवर काका एकटेच चहा पीत बसले होते. ऊन चांगलं अंगणात आलं होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"शू! हळू बोल," ते कुजबुजले, आणि त्यांचा सगळा चेहरा हसत होता. "काकू झोपलीय."